अकरा साखरेचे, बारावा खरा

पेट्रोनेलच्या पहिल्या तीन पक्ष्यांची बदकं झाली.

चिनी वाडग्यावरचा मूळ पक्षी लांब मानेचा होता. वेतांच्या बेटात एका पायावर उभा राहून तो मागे वळून बघत होता, आणि तेही अशा तोऱ्यात, की कुणीतरी हाक मारलीय पण ओ द्यायची की नाही हे त्याचं अजून ठरायचंय. तो तोरा काही साखरेवर उतरेना. रानफुलांच्या निळ्या रसात कुंचला बुडवून पेट्रोनेल मान काढायची, मान जाड व्हायची, आणि पक्षी लंडनच्या कुठल्याही डबक्यात शोभेल असा दिसायला लागायचा. तिसरं बदक तिने थॉमसिनला मोडून दिलं. थॉमसिन दोन वर्षांची होती. तिने बदक खाल्लं आणि कुंचल्याकडे हात पसरला.

चौथ्या वाडग्यापासून हात बसला. साखरेचा सुळका, म्हणजे टोकदार घट्ट ढेप, फोडायचा, खलात कुटायचा, तलम कापडातून चाळायचा. गुलाबपाण्यात भिजवलेला डिंक, लिंबाचा रस आणि अंड्यातला पांढरा बलक घालून घट्ट मळायचा. पातळ लाटून खऱ्या वाडग्यात दाबून बसवायचा आणि अर्धवट वाळला की श्वास रोखून सोडवायचा. मिन्सिंग लेनमधल्या बायकांत पेट्रोनेलचा या कामात हात धरणारं कुणी नव्हतं. गेल्या नाताळात तिने साखरेचे हातमोजे केले होते, ते एका कापडाच्या व्यापाऱ्याने घालून बघितले होते. जन्मभर कापड चाचपलेला माणूस. त्यावर ती पुढे महिनाभर स्वतःशीच हसत होती.

या वाडग्यांच्या वेळी मात्र तिला हसू येत नव्हतं. कारण ज्याच्यासाठी हा घाट घातला होता तो माणूस खूश झाला, तर तिची मुलगी घेऊन जाणार होता.

झालं होतं असं. तिचा नवरा गर्व्हेस टॉलवर्दी याला मक्ता हवा होता. लंडनमध्ये तेव्हा ज्याला त्याला कशाचा ना कशाचा मक्ता हवा होता. राणीसाहेबांचा शिक्का मिळाला की तो माल देशात दुसऱ्या कुणी विकायचा नाही. कुणाला पत्त्यांचा मिळाला, कुणाला कांजीचा; नदीपलीकडच्या एका माणसाने तर म्हणे जुन्या हाडांचा मिळवला आणि आता तो गाडीतून फिरतो. गर्व्हेसला हव्या होत्या काळ्या मनुका, व्हेनिसवरून येणाऱ्या त्या बारीक, सुरकुतलेल्या. इंग्लंडातल्या प्रत्येक केकमध्ये आपली मनुका, एवढं एकच चित्र त्याच्या डोळ्यांसमोर दिवसरात्र होतं. आणि राणीसाहेबांच्या कानापर्यंत जाणारा रस्ता सर लँबर्ट हेसलडाइन यांच्या दारावरून जात होता.

सर लँबर्ट दरबारात मोठे मंत्री. आजवर त्यांचं कधी काही चुकलं नव्हतं, असं तेच सांगत. सध्या ते यॉर्कशायरात घर बांधत होते, त्यात भिंतींपेक्षा खिडक्या जास्त, आणि काच स्वस्त नव्हती. त्यांना पाच वर्षांचा हंफ्री नावाचा मुलगा होता. त्यांनी सुचवलं, गर्व्हेसच्या मुलीचा आणि हंफ्रीचा हात एकमेकांच्या हातात द्यावा, हुंडा काय तो आत्ताच द्यावा, आणि मोठ्या घरांच्या रीतीप्रमाणे मुलीला लहानपणीच सासरच्या वळणावर वाढायला पाठवावं. सर लँबर्टची आई जेवायला येईल, मुलगी बघेल, पसंत पडली तर सोमवारी आपल्या गाडीतून यॉर्कशायरला घेऊन जाईल.

पेट्रोनेल नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी परत नाही म्हणाली. तिने सांगून पाहिलं की पोरगी अजून बोलत नाही धड, रात्री तिला खोकला येतो, आणि आईच्या कानाची पाळी मुठीत धरल्याशिवाय ती झोपत नाही.

"अगं, यॉर्कशायर म्हणजे काय चीन आहे का?" गर्व्हेस म्हणाला.

"चीनचा वाडगा निदान इथे आलाय," ती म्हणाली. "यॉर्कशायरहून कोण परत आलंय?"

गर्व्हेस वाईट नव्हता. पोरीला खांद्यावर बसवून तो घरभर घोड्यासारखा खिंकाळत फिरायचा. पण मक्त्याचा ताप एकदा चढला की माणसाच्या कपाळावर हात ठेवून काही उपयोग नसतो. थॉमसिन एक दिवस लेडी हेसलडाइन होईल, हे तो इतक्या आनंदाने सांगायचा की ऐकताना पेट्रोनेललाच आपण दुष्ट आहोत असं वाटायला लागायचं.

वाडग्यांची कल्पनाही त्याचीच. पोर्तुगीजांच्या लुटलेल्या जहाजातून आलेला तो निळा-पांढरा वाडगा त्याने सर लँबर्टना नजर करण्यासाठी मिळवला होता. नुसता हातात देण्यात काय मजा? त्याने बेत आखला. पेट्रोनेलने साखरेचे हुबेहूब अकरा वाडगे करायचे. जेवणानंतर पाहुणे बागेकडच्या माडीवर गोड खायला जातील, तेव्हा बारा जणांपुढे बारा वाडगे, आत बडीशेपेच्या गोळ्या. खरा सर लँबर्टपुढे. गोड संपलं की सगळे जण आपापली साखरेची भांडी टेबलावर आपटून फोडतात आणि तुकडे खातात. ती गंमत तर सगळ्यात मोठी. तेव्हा अकरा वाडगे फुटतील, आणि बरोबर त्या क्षणी गर्व्हेस उठून म्हणेल, हुजूर, सगळ्यांचे फुटले, पण तुमचा फुटणार नाही, कारण तो खरा आहे, जशी तुमची आमच्यावरची मर्जी.

हे भाषण तो दाढी करताना म्हणायचा.

"आणि त्यांनी सगळ्यांच्या आधी फोडला तर?" पेट्रोनेलने विचारलं.

गर्व्हेसने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. दरबारात वर चढलेला माणूस कधीही पहिला वाडगा फोडत नाही, तो म्हणाला. बाकीच्यांचं काय होतं ते बघून मग फोडतो. म्हणून तर तो वर चढलेला असतो.

जेवणाच्या दिवशी पेट्रोनेल पहाटेपासून घराकडे फक्त एका नजरेने बघत होती: थॉमसिनला इथे काय लागेल. चुलीवर फिरणारं हरणाचं मांस, म्हणजे उकळती चरबी. माडीचा जिना. नदीकडची खिडकी, तिची कडी सैल. स्वतःच्या झग्याच्या घेरात खोचलेल्या टाचण्या. जुनी दाई मार्जरी पोरीच्या झग्याला पाठीमागे शिवलेल्या दोन पट्ट्या लगामासारख्या धरून चालत होती, पण मार्जरीला बसलं की डुलकी लागायची आणि उभं राहिलं की गुडघे दुखायचे.

एकदा पट्ट्या सुटल्याच. पेट्रोनेल माडीवर आली तर थॉमसिन बाकावर चढून टेबलाशी उभी, ओठ निळे, हनुवटी निळी, आणि दारापासून पाचवा वाडगा बिनडोक्याच्या पक्ष्याचा. पेट्रोनेलने वाडगा फिरवून पक्ष्याची बाजू भिंतीकडे केली. दोष तिचाच होता. आठवडाभर मोडके तुकडे पोरीच्या हातावर ठेवून तिनेच शिकवलं होतं की निळं-पांढरं दिसलं की तोंडात घालायचं. तिने ओल्या फडक्याने पोरीचं तोंड पुसलं, मग खरा वाडगा नखाने वाजवून पाहिला, परत वाजवून पाहिला, आणि सर लँबर्टच्या जागेवर ठेवला.

पाहुणे आले. सर लँबर्ट उंच, त्यांच्या गळ्यातली कडक कांजीची झालर एवढी रुंद की डोकं ताटात वाढल्यासारखं दिसत होतं. दात काळे, कारण साखर त्यांना रोज परवडायची. शेजारचे आल्डरमन ड्रान्सबी, नगरसभेत बसणारे, बायकोसह आले. ड्रान्सबीबाईंचे दात मुळात चांगले होते. त्यांनी समारंभापुरती काजळी चोळली होती आणि हसताना त्या ओठ पुरते उघडत होत्या. बाकी गर्व्हेसच्या ओळखीचे व्यापारी, सगळे आपल्या मक्त्याची गोष्ट सर लँबर्टच्या कानात कधी घालता येईल यासाठी टपलेले.

आणि सर लँबर्टची आई, ग्रिझेलबाईसाहेब. ही एवढीशी म्हातारी, काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेली, आणि डोळे असे की पेट्रोनेलला आपल्या झग्याची आतली शिवणसुद्धा दिसत असेल असं वाटलं.

पेट्रोनेलची सगळी भिस्त आता थॉमसिनवर होती. ही पोर अनोळखी माणूस दिसला की आडवी पडायची. गेल्या महिन्यात तिने पाद्रीबाबांच्या दाढीला धरून ओरडून सगळी गल्ली गोळा केली होती. आज तसंच व्हावं, याच्यापेक्षा जास्त देवाकडे मागण्यासारखं काही नव्हतं. तिने मुद्दाम पोरीला दुपारची झोप दिली नव्हती.

थॉमसिन चालत बाईसाहेबांकडे गेली. हात वर केले. मांडीवर चढून बसली, बाईसाहेबांच्या गळ्यातला चांदीचा अत्तराचा गोळा हुंगला, आणि गोड हसली.

दोन वर्षांत जिने कुणाच्या मांडीवर घटकाभर बसून दाखवलं नव्हतं, ती कार्टी. बाईसाहेबांनी तिच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं, ती चावली नाही. कान ओढून बघितले, हसली. गर्व्हेसचा चेहरा भाजलेल्या सफरचंदासारखा फुलत चालला. ड्रान्सबीबाईंनी अशी शहाणी पोर उभ्या लंडनात नाही म्हणून सांगितलं, आणि ड्रान्सबी म्हणाले की रक्त बोलतं.

"पसंत आहे," बाईसाहेब म्हणाल्या. "सोमवारी घेऊन जाते."

मग हरणाचं मांस आलं, मग भाजलेला हंस, आणि पेट्रोनेलला दोन्हींची चव कळली नाही. सोमवार. पोरीच्या लोकरी टोप्या ओल्या होत्या. यॉर्कशायरात रात्री पोरगी हात पुढे करेल आणि तिथे कुणाचा कान असेल?

जेवण उरकून सगळे माडीवर गेले. टेबल बघून माणसं दारातच थबकली. बारा निळे पक्षी, बारा एकटांगी तोरे. एकाने आत येताच विचारलं की हे सगळं चीनचं का, आणि गर्व्हेस नुसता हसला. ड्रान्सबीबाईंनी आपला वाडगा हळूच चाटला आणि त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. मसाल्याची गोड दारू फिरली, वाडग्यांतल्या बडीशेपेच्या गोळ्या संपल्या, बदामाच्या पिठाचा केलेला किल्ला पाडला गेला. सर लँबर्टनी दारू तीनदा भरून घेतली. थॉमसिन बाईसाहेबांच्या मांडीवरच होती. मार्जरी कोपऱ्यात, पट्ट्या हातात, डोळे मिटून.

गर्व्हेस पेट्रोनेलकडे बघून भुवया उडवत होता. वेळ आली होती. व्यापाऱ्यांनी वाडगे हातात घेतले, पण फोडेना कुणीच. मंत्र्यांच्या आधी फोडायचं की नंतर, हे कुणाला ठरवता येईना, आणि सर लँबर्टही आपला वाडगा बोटांत फिरवत बाकीच्यांकडे बघत बसले. गर्व्हेसने सांगितलं होतं तसंच. सगळं टेबल एकमेकांचं तोंड बघत थांबलं.

"लँबर्ट," बाईसाहेब म्हणाल्या, "अरे, तू लहानपणी उकडलेलं अंडंसुद्धा विचारून फोडायचास."

कुणीतरी हसू दाबलं. सर लँबर्टच्या झालरीवरचं डोकं लाल झालं. त्यांनी हात वर नेला आणि टेबलावर आणला.

साखर फुटते तेव्हा खसकन वाजते, वाळक्या पावासारखी. हे खणकन वाजलं. माडीभर वाजलं. तुकडे उडाले, एक दारूच्या प्याल्यात पडला, एक ड्रान्सबींच्या बाहीवर.

"हुजूर, सगळ्यांचे फुटले, पण," असं म्हणत गर्व्हेस उठला होता. तो 'पण'वरच उभा राहिला. तोंड उघडं, एक हात हवेत.

पेट्रोनेलची नजर सर लँबर्टच्या चेहऱ्यावर होती. त्यांना कळलं. तिने ते कळताना पाहिलं. आधी डोळे तुकड्यावर गेले, मग गर्व्हेसच्या उघड्या तोंडावर, मग हळूहळू सगळ्या टेबलावर, जिथे निम्म्या लंडनचा व्यापार त्यांच्याकडे बघत होता. आजवर काही न चुकलेला माणूस. पुढे काय होणार हे तिला कळलं, आणि तरी विश्वास बसला नाही. सर लँबर्टनी त्यातल्या त्यात बेताचा एक तुकडा उचलला, तोंडात ठेवला आणि गाल हलवला.

"साखर उत्तम आहे, बाई," ते म्हणाले. गालाला उंचवटा आला होता. "जरा कडक. पण उत्तम."

गर्व्हेस खाली बसला.

इथेच थांबलं असतं तर निभावलं असतं. पण मोठ्या माणसाने ज्याची तारीफ केली, त्याची चव आपल्याला नको म्हणणारा आल्डरमन अजून जन्मायचा होता. ड्रान्सबींनी बाहीवरचा तुकडा तोंडात टाकला. क्षणभर त्यांचे डोळे फिरले. मग त्यांनी सर लँबर्टकडे पाहिलं, सर लँबर्टनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि ड्रान्सबी चोखायला लागले. म्हणाले, हळूहळू विरघळते. ड्रान्सबीबाईंनी नवऱ्याच्या पुढ्यातून एक घेतला आणि म्हणाल्या की गुलाबपाण्याचा स्वाद मागाहून येतो. एका मिठाच्या व्यापाऱ्याने हात लांब करून विचारलं, आम्हालाही मिळेल का. समोर स्वतःचे साखरेचे वाडगे तसेच ठेवून शहाणीसुरती माणसं चिनी खापर चोखत होती आणि पेट्रोनेलच्या हाताची वाखाणणी करत होती. कुणी म्हणालं, अशी कडक साखर व्हेनिसलाही जमत नाही. पेट्रोनेलच्या पोटातून हसण्याचा एक भलामोठा लोट वर यायला लागला; तिने ओठ दातांत धरला. हसलं की संपलं. मनुका गेल्या, गर्व्हेस गेला, सगळंच गेलं.

आणि मग तिला दिसलं, थॉमसिनने हात पुढे केलाय.

बाईसाहेबांच्या पुढ्यात एक तुकडा येऊन पडला होता. निळा-पांढरा, सुरीच्या पात्यासारखा धारदार. निळं-पांढरं दिसलं की तोंडात घालायचं. पोरीने तो दोन बोटांत अगदी नाजूकपणे उचलला आणि तोंडात घातला.

टेबलाच्या पलीकडून गर्व्हेसनेही पाहिलं असावं. पण पेट्रोनेलने त्याच्याकडे बघितलं नाही. ती उठली, झग्याच्या घेराने स्टूल पाडलं, गोळ्यांची परडी पाडली, एका व्यापाऱ्याला बाजूला सारलं, आणि पोर हाताशी यायच्या आत तिचा आवाज पुढे गेला. जिन्याच्या वरच्या पायरीसाठी, चुलीसाठी, नदीकडच्या खिडकीसाठी ठेवलेला आवाज तो.

"थुंक. आधी थुंक. तोंडातलं सगळं बाहेर. साखर नाही, खापर आहे ते."

सर लँबर्ट थुंकले.

विचार करून नाही. हात आपोआप हनुवटीखाली गेला, मान पुढे झाली, आणि तुकडा तळहातावर पडला. ड्रान्सबी थुंकले. ड्रान्सबीबाई थुंकल्या, त्यांची काजळीही थोडी बरोबर आली. मिठाचा व्यापारी थुंकला आणि वर माफी मागितल्यासारखी मान हलवली. अख्ख्या माडीवर एकच जण थुंकलं नाही, ती थॉमसिन. पेट्रोनेलने तिच्या गालात बोट घालून तुकडा बाहेर काढला, जीभ बघितली, हिरड्या बघितल्या, परत जीभ बघितली. रक्त नव्हतं. मग ती तिथेच खाली, पसरलेल्या गोळ्यांत बसली.

सर लँबर्टच्या तळहातावर पक्ष्याचं डोकं होतं, लांब मान वळवून त्यांच्याकडे बघणारं.

पहिला आवाज आला तो कोंबडीच्या कलकलाटासारखा. बाईसाहेब हसत होत्या. काठी खाली पडली, टोपी कानावर आली, त्या हसतच होत्या. थॉमसिनलाही हसू आलं, तिने टाळ्या वाजवल्या, आणि मग पेट्रोनेलचा तो दाबून ठेवलेला लोट सुटला. मग ड्रान्सबीबाईंचा. मिठाचा व्यापारी टेबलावर डोकं ठेवून हुंदके दिल्यासारखा हसला. दोन-तीन जणांनी आपले साखरेचे वाडगे उगाचच फोडले. सर लँबर्ट तेवढे हसले नाहीत; ते उठले आणि गर्व्हेसला दंडाला धरून खिडकीशी घेऊन गेले.

बाईसाहेबांनी डोळे पुसले आणि पेट्रोनेलला जवळ यायची खूण केली. पेट्रोनेल पोरीला छातीशी धरून गेली. आता काय बोलणी बसतील ती बसोत.

"याला मी सहाव्या वर्षी एका ड्यूकच्या घरी धाडला," म्हातारी म्हणाली. हसू अजून आवाजात होतं, पण डोळे खिडकीकडे होते. "मोठं घर. त्याचं पुढे सगळं चांगलं झालं. पण 'थुंक' म्हणणारं तिथे कुणी नव्हतं, पोरी. तेव्हापासून तो जे तोंडात येईल ते गिळतोय आणि उत्तम आहे म्हणतोय."

थॉमसिनने पेट्रोनेलच्या कानाची पाळी धरली होती.

"मला हवी होती ही," बाईसाहेब म्हणाल्या. "तिकडे घर मोठं आहे आणि गार आहे. पण ठेव तुझ्याजवळ. लँबर्टला मी सांगते."

सांगायची वेळच आली नाही. तिकडे खिडकीशी सर लँबर्ट त्याच ठिकाणी दुसऱ्या रस्त्याने पोचले होते. गर्व्हेसने नंतर पेट्रोनेलला सगळं सांगितलं, आवाज काढून दाखवला. ते म्हणाले, टॉलवर्दी, आज इथे सगळे वाडगे साखरेचे होते. गर्व्हेस म्हणाला, बाराच्या बारा, हुजूर. मग ते म्हणाले की हंफ्री अजून फारच लहान आहे, आणि नातं जुळलं की दर नाताळाला एका टेबलावर बसणं आलं, जुन्या आठवणी निघणं आलं. गर्व्हेसला तेही पटलं. हुंडा मग मागे पडला, आणि खिडक्यांचं काय ते दुसऱ्या एखाद्या मुलीचा बाप बघेल. मक्त्याचा शब्द मात्र त्यांनी दिला. काही न मागता गप्प बसणारा माणूस सर लँबर्टना ठाऊक नव्हता. मक्ता घेऊन गप्प बसणारे पुष्कळ ठाऊक होते. बाकीच्यांची काळजी नव्हती. ज्यांनी तुकडा चोखला ते कुठे बोलणार नव्हते, आणि ज्यांना चोखायला मिळाला नाही ते अजून मनातून त्यासाठी हळहळत होते.

निघताना सर लँबर्ट पेट्रोनेलपुढे थांबले.

"तुम्ही फार मोठ्याने बोलता, बाई."

"मुलीच्या बाबतीत, हुजूर."

त्यांनी मान हलवली. ते जिना उतरून गेले. पक्ष्याचं डोकं टेबलावर शोधलं तेव्हा सापडलं नाही. ते खिशात घालून गेले असावेत.

मनुकांचा मक्ता मात्र आधीच दुसऱ्या कुणाला तरी गेलेला होता. गर्व्हेसला मिळाला आंबट शिरक्याचा. तीन दिवस तो गालाला हात लावून बसला. चौथ्या दिवशी त्याला सुचलं की इंग्लंडात केक काय सणासुदीला खातात, पण लोणचं गरिबाच्याही घरी असतं, आणि तो टुणकन उठला. आता अंगणात पिंपं, जिन्याखाली पिंपं, आणि घराला असा वास की ड्रान्सबीबाई दारात नाकाला रुमाल लावून उभ्या राहतात. पेट्रोनेलच्या टोपीला वास, उशीला वास, साखरेच्या सुळक्यालाही वास. ती त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. रात्री त्या आंबट अंधारात पोरीची मूठ तिचा कान शोधत येते, आणि तिला तो वास गुलाबपाण्यासारखा वाटतो.

फक्त एक झालंय. थॉमसिनला शब्द सापडलाय. आई म्हणायच्या आधी, पाणी म्हणायच्या आधी. मार्जरी पाव खाते तेव्हा ती समोर जाऊन उभी राहते, बाप सफरचंद चावतो तेव्हा उभी राहते, आणि बोट रोखते. आणि गेल्या रविवारी देवळात, सगळी गल्ली बाकांवर स्तब्ध बसलेली असताना, पाद्रीबाबांनी उपदेशाआधी खोकल्याची गोळी हळूच गालात सरकवली. पुढच्या बाकावर ड्रान्सबी पतिपत्नी, त्यांच्यामागे मिठाचा व्यापारी. पेट्रोनेलने बघितलं, पोर बाकावर उभी राहतेय. तिने पट्ट्यांना हात घातला, पण उशीर झाला होता.

"थुंक," थॉमसिन म्हणाली.

पाद्रीबाबांचा हात आपोआप हनुवटीखाली गेला. आणि समोर, एकाच वेळी, आल्डरमन ड्रान्सबी, त्यांची बायको आणि मिठाचा व्यापारी पुढे वाकले.